फोनमधल्या मदतनीसाचे बिल : भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद, भंडारा यांस



आपल्या कार्यालयात रोज धानाच्या चुकाऱ्यांचे, गोसीखुर्द धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे, अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचे अर्ज येतात. त्यांच्यात मी आज वेगळ्याच विषयावरचा अर्ज घालतो आहे. मोबाइलमध्ये आधीच बसवून येणाऱ्या एआय मदतनीसासाठी ग्राहकाने दरमहा पैसे मोजावेत का, आणि मोजायचेच तर कोणत्या अटीवर, हा तो विषय. वरकरणी तो पुण्या-बंगळुरूचा वाटेल. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८ नुसार जिल्हा परिषदेचे, म्हणजे ग्राहक संरक्षणाच्या जिल्हा परिषदेचे, अध्यक्ष आपण आहात. आणि ग्राहकांच्या एखाद्या मोठ्या गटाच्या हक्कांवर गदा येत असेल तर चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा अधिकार कलम १६ ने आपल्याला दिला आहे. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे, आणि जिल्ह्यातल्या लोकांनीही ते वाचावे म्हणून उघडपणे लिहितो आहे.

२०२५ या एका वर्षात आपल्या फोनांवर एआयचे काय काय फुकट आले ते आधी सांगतो. १७ जुलैला एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत देऊ केले आणि त्याची किंमत सांगितली १७,००० रुपये. त्याच महिन्यात गूगलने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना जेमिनीची वरची योजना एक वर्ष फुकट दिली. ३० ऑक्टोबरला जिओने गूगलबरोबर तीच योजना अठरा महिन्यांसाठी मोफत जाहीर केली. सुरुवात १८ ते २५ वयाच्या मुलामुलींपासून झाली आणि किंमत सांगितली गेली ३५,१०० रुपये. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो ही महिना ३९९ रुपयांची योजना भारतात वर्षभर फुकट केली. व्हॉट्सॲपमध्ये मेटा एआयचा गोल तर २०२४ च्या मध्यालाच येऊन बसला होता. तो कुणी मागितला नव्हता.

तुमसरच्या कॉलेजातला मुलगा, लाखांदूरची आशाताई, पवनीचा दुकानदार, सगळ्यांच्या फोनमध्ये आज यातले एक तरी आहे. आणि मेटा एआय सोडला, तर यातल्या प्रत्येकाला शेवटची तारीख आहे. जिओची सवलत ज्यांनी पहिल्याच दिवशी घेतली त्यांचे अठरा महिने एप्रिल २०२७ च्या अखेरीस भरतात. बाकीच्या वर्षभराच्या सवलती त्याच्याही आधी संपतात. त्यानंतर काय, हे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. मी गावात विचारून पाहिले. बहुतेकांचे उत्तर एकच, 'फ्री आहे ना'.

आपल्याकडे रुपयाचे मोल धानात कळते, म्हणून हिशेब धानात मांडतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. जिओने जी योजना फुकट दिली तिची किंमत महिना १,९५० रुपये धरली आहे, म्हणजे दरमहा सुमारे ८२ किलो धान. वर्षाचे होतात २३,४०० रुपये, जवळजवळ दहा क्विंटल. पीएम किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार एकत्र केले तरी बारा हजारच भरतात. सरकार वर्षभरात शेतकऱ्याच्या खात्यात जे टाकते त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम एका मदतनीसाला जाईल. ३९९ रुपयांची योजना स्वस्त वाटते. तीही महिन्याला १७ किलो धान खाते. रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईला २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. तिच्या घरातल्या पोराने १,९५० ची योजना चालू ठेवली, तर तिची सहा दिवसांची मजुरी त्यात जाते.

एआयला पैसे मोजूच नयेत असे माझे म्हणणे नाही, आणि हे मी आधीच स्पष्ट करतो. साधे ॲप एकदा बनवले की त्याच्या प्रत्येक वापराला फारसा खर्च येत नाही. एआयचे तसे नाही. आपण विचारलेला प्रत्येक प्रश्न दूरच्या सर्व्हरवर जातो, तिथे महागड्या चिप चालतात, वीज लागते, यंत्रे थंड ठेवायला पाणी लागते. हा खर्च कुणीतरी भरणारच. कंपनी आज तो स्वतः भरते आहे, कारण तिला आपली सवय हवी आहे. आणि वस्तूही खरोखर उपयोगाची आहे. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोशाचा विणकर आपल्या साडीची माहिती इंग्रजीत नीट लिहून घेऊन थेट बाहेरच्या गिऱ्हाइकाला पाठवू शकत असेल, तर महिन्याचे चारशे रुपये त्याला जड नाहीत. एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलीला क्लास परवडत नाही आणि ती रात्री फोनला प्रश्न विचारून विषय समजून घेते, हे मी पाहतो आहे. त्यांनी विचार करून, गरज ओळखून पैसे भरावेत. त्यात गैर काही नाही.

माझी हरकत आत बसवून दिलेल्या मदतनीसाबद्दल आहे. फोनच्या बटनाला जोडलेला, कीबोर्डमध्ये घुसलेला, कॅमेऱ्यात, मेसेजमध्ये, ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेला. हा मदतनीस आपण निवडून घेतलेला नसतो. फोन घेताना तो फोनचा गुण म्हणून विकला जातो. जाहिरातीत तोच पुढे असतो, दुकानदार तोच दाखवतो, त्याच्यासाठीच चार-पाच हजार जास्त मोजले जातात. मग त्याची किंमत एकदा दिलीच की. ट्रॅक्टर घेतल्यावर दोन वर्षांनी कंपनीने यावे आणि सेल्फ मारायचा तर आता दरमहा भाडे द्या म्हणावे, हे आपण चालवून घेतले नसते.

ही भीती हवेतली नाही. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ हा फोन आणला, तेव्हा त्यातल्या एआय सुविधांचा मोठा गाजावाजा झाला. बारीक अक्षरातल्या तळटीपेत लिहिले होते की या सुविधा २०२५ च्या अखेरपर्यंत मोफत राहतील. पुढे कंपनीने मूलभूत सुविधा मोफतच राहतील आणि वाढीव किंवा नव्या सुविधांना शुल्क लागू शकेल, असा मजकूर केला. हे आधीपेक्षा बरे आहे. पण मूलभूत कोणती आणि वाढीव कोणती, ही रेघ कंपनीच्या हातात राहिली. फोन पाच वर्षे वापरायचा असतो. हप्त्यावर घेतला तर त्याचे हप्तेच वर्ष-दीड वर्ष चालतात. हप्ते फिटायच्या आत आतल्या सुविधेची मुदत संपत असेल, तर ती तारीख तळटीपेत नाही, बिलावर छापलेली असायला हवी.

रेघ कुठे ओढावी यावर माझे मत आहे. फोनच्या स्वतःच्या चिपवर, इंटरनेट बंद असतानाही जे चालते, त्याचे पैसे फोनच्या किमतीत आले. ती चिप माझी, बॅटरी माझी, वीज माझी. त्यावर मासिक शुल्क लावण्याला काही आधार नाही. जे कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन येते त्याचे पैसे मागायला हरकत नाही, पण विकतानाच दर आणि तारीख सांगून. आणि वाचून दाखवणे, बोललेले लिहून घेणे, अक्षर मोठे करणे, कॅमेऱ्याने कागद ओळखून सांगणे, या सोयी कधीही शुल्काच्या पलीकडे नेऊ नयेत. अंध माणसासाठी आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी फोन वापरता येणे म्हणजे याच सोयी. आज ई-पीक पाहणी फोनवर करावी लागते, हप्ता आला का ते फोनवर बघावे लागते, पीकविम्याची तक्रार फोनवर द्यावी लागते. शासनानेच लोकांना फोनच्या दारात उभे केले आहे. त्या दाराला खाजगी कंपनीने तिकीट लावू नये हे बघणे शासनाचे काम ठरते.

ऑस्ट्रेलियात काय झाले ते आपल्या नजरेस आणतो. मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेल वगैरेंच्या वर्गणीत कोपायलट हा एआय मदतनीस घातला आणि वैयक्तिक योजनेचा वार्षिक दर १०९ ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १५९ केला, म्हणजे जवळपास ४६ टक्के वाढ. तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला न्यायालयात खेचले. आयोगाचे म्हणणे असे, की सुमारे २७ लाख ग्राहकांना कंपनीने दोनच रस्ते दाखवले, वाढीव दर भरा किंवा वर्गणी बंद करा. कोपायलटशिवायची जुन्या दराची तिसरी योजना उपलब्ध होती, पण वर्गणी बंद करायला निघाल्यावरच ती दिसत होती. पुढच्याच महिन्यात कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि पैसे परत देऊ केले. त्या देशात शिकलेले, इंग्रजी वाचणारे लोक होते, तरी तिसरा रस्ता त्यांना दिसला नाही. लाखनीच्या बाजारात फोन घेणाऱ्याला तो दिसेल अशी अपेक्षा कशी करायची?

आपल्याला हे सगळे नवे नाही. साध्या बटनांच्या फोनच्या काळात हॅलो ट्यूनचा धंदा होता. कुठलेतरी बटन दाबले जायचे, कधी तेही नाही, आणि रिचार्ज केलेल्या पैशांतून तीस-तीस रुपये कटायचे. माझ्या घरच्या फोनवर क्रिकेटच्या बातम्यांचा असाच एक पॅक चालू झाला होता, आणि त्या फोनवर माझी आई बोलत असे, जिने आयुष्यात क्रिकेट पाहिले नाही. कंपनीच्या माणसाने सांगितले, तुम्हीच चालू केले असेल. त्या काळात असे पैसे कटले नाहीत असे घर आमच्या गावात शोधावे लागले असते. ही लूट लोकांच्या हुशारीने थांबली नाही, नियमाने थांबली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १० जुलै २०१३ ला निर्देश काढला की कोणतीही जादा सेवा चालू करण्याआधी ग्राहकाकडून दुसऱ्यांदा, वेगळ्या यंत्रणेमार्फत होकार घ्यायचा. बंद करण्यासाठी १५५२२३ हा एकच क्रमांक सगळ्या कंपन्यांना लागू झाला. दोन होकार आणि बंद करायचा एक सोपा रस्ता, एवढ्यानेच फरक पडला.

अलीकडचे आणखी एक उदाहरण याच प्राधिकरणाचे. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने कंपन्यांना सांगण्यात आले की ज्याला इंटरनेट नको आहे त्याच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएस असा वेगळा पॅक द्या. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या साध्या फोनवर डेटाचे पैसे भरले जात होते. न वापरलेल्या वस्तूचे पैसे घेऊ नका, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. तेच तत्त्व एआयला लावा, एवढीच माझी मागणी आहे. मदतनीस नको असेल त्याला मदतनीसाशिवायचा फोन, मदतनीसाशिवायचा पॅक, मदतनीसाशिवायचे सॉफ्टवेअर त्याच जुन्या दरात मिळाले पाहिजे.

सक्तीने आत बसवण्याबद्दलही देशात निर्णय झालेला आहे. फोन बनवणाऱ्यांवर ठरावीक ॲपचा संच आधीच बसवण्याची अट घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपिलात तो दंड कायम राहिला. तेव्हा प्रश्न नकाशा, ब्राउझर आणि व्हिडिओच्या ॲपचा होता. आज त्या जागी एआय आला आहे.

आता पैसे कटतात कसे ते पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या पैशांसाठी पहिल्यांदा पूर्ण पडताळणी लागते. त्यानंतर बहुतेक सेवांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकते. पैसे कटण्याआधी किमान २४ तास सूचना द्यायची असते. नियम चांगला आहे. पण ती सूचना एसएमएसने येते, बहुतेकदा इंग्रजीत येते, आणि कर्जाच्या, लॉटरीच्या, रिचार्जच्या मेसेजांच्या गर्दीत येते. जुलैत रोवणी चालू असताना चिखलात उभा असलेला माणूस चोवीस तासांत तो मेसेज वाचून, समजून, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून योजना बंद करील, असे मानून हा नियम केला आहे. ३९९ असोत की १,९५०, दोन्ही आकडे पंधरा हजारांच्या कितीतरी खाली आहेत. एकदा दिलेला होकार वर्षानुवर्षे पुरतो.

फुकट योजना घेतानाच कार्ड किंवा यूपीआय जोडायला सांगणाऱ्या योजना बाजारात आहेत. सगळ्या तशा नाहीत, पण आहेत. इथे कायदा स्पष्ट आहे, आणि ही गोष्ट मी आपल्या कार्यालयाला विशेष आग्रहाने सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या तेरा युक्त्या त्यांत दिल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे वर्गणीचा सापळा, आणि फुकटची वर्गणी देताना पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप पैसे कापण्याची परवानगी देणे भाग पाडणे हे त्या सापळ्यातच मोडते, असे तिथे लिहिले आहे. दुसरी युक्ती सॉफ्टवेअरच्या बिलाची : फुकट मुदत संपून पैसे सुरू झाल्याचे न सांगणे, खात्यातून गुपचूप रक्कम काढणे, न वापरलेल्या सुविधेचे पैसे लावणे. म्हणजे नियम आहे. भंडाऱ्यात तो लागू करणारा हात दिसत नाही.

कायद्यातली आणखी एक गाठ सांगतो, कारण पैसे भरावेत की नाही या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. ग्राहक कायद्यात फुकट दिलेली सेवा ही सेवाच धरलेली नाही. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत खोट निघाली तरच जिल्हा आयोगात दाद मागता येते. उद्या फोनच्या मदतनीसाने तुडतुड्यासाठी चुकीचे औषध किंवा दुप्पट मात्रा सांगितली आणि बांधीतला धान जळाला, तर कंपनी म्हणेल, आम्ही काही घेतले नव्हते, तुम्ही आमचे ग्राहक नाही. या अर्थाने पैसे भरण्यात एक बळ आहे. ज्याने पैसे भरले त्याला जाब विचारता येतो. पण मग दोन्ही बाजू धरा. आत बसवून आलेल्या मदतनीसाचे पैसे फोनच्या किमतीत भरलेले आहेत, रिचार्जबरोबर मिळालेल्याचे रिचार्जमध्ये भरलेले आहेत. त्यांना फुकट म्हणून जबाबदारी झटकता येऊ नये. आणि मासिक वर्गणी घेणार असाल तर चुकीच्या सल्ल्याची जबाबदारीही घ्या. प्रत्येक उत्तराखाली 'चूक होऊ शकते, खात्री करून घ्या' अशी ओळ लिहून महिन्याला दोन हजार घेणे मला पटत नाही.

मिळणाऱ्या सेवेच्या दर्जाबद्दलही बोलायला हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांत बोलून संवाद करण्याची सोय जाहीर केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण फोनला कळते ती पुस्तकी मराठी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी जिच्या अभ्यासाला आयुष्य दिले ती आमची झाडीबोली वेगळी आहे. तिच्यात 'ळ' नाही, 'ण' नाही, शेतीचे कितीतरी शब्द तिचे स्वतःचे आहेत. आमच्या शेजारची आजी फोनशी बोलते तेव्हा एकच गोष्ट तीनदा सांगते, मग नात तिच्या हातून फोन घेते आणि शाळेतल्या मराठीत विचारते. पूर्ण किंमत घेऊन अर्धे ऐकणारा मदतनीस ग्राहकाने का विकत घ्यावा? ज्या बोलीत सेवा नीट चालत नाही तिथे ते विकण्याआधी सांगितले पाहिजे.

शेतीपुरते बोलायचे तर खाजगी वर्गणीची गरजच पडू नये. राज्य मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ ला महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले, त्याला ५०० कोटी रुपये ठेवले. कृषी विभागाचे महाविस्तार ॲप मराठीत आहे आणि फुकट आहे. केंद्राचे किसान ई-मित्र २०२३ पासून पीएम किसानच्या प्रश्नांना उत्तरे देते. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे. करपा, खोडकिडा, गादमाशी यांच्यावर कधी आणि किती फवारायचे, हे ज्ञान आपल्या विद्यापीठांनी लोकांच्या पैशातून तयार केले आहे. ते शेतकऱ्याला वर्गणी भरून परत विकत घ्यावे लागू नये. उसाच्या पट्ट्यात बारामतीतून सुरू झालेली एआयची वेगळी योजना चालू आहे. तिथे शेतकरी आपला वाटा भरतो, कारखाना आणि संस्था आपापला वाटा उचलतात, आणि त्या बदल्यात शेतात सेन्सर व हवामानाचे यंत्र लागते. तिथे पैसे कशाचे ते दिसते. बारामतीचा तो प्रयोग धानाला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण व्यवहार उघड कसा ठेवायचा हे त्यातून घेण्यासारखे आहे.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा लढाई वजन-मापाची, भेसळीची, छापील किमतीची होती. पाकिटावर किंमत, वजन आणि तारीख छापलेली असते हे आज आपल्याला साधे वाटते. ते आपोआप झालेले नाही, त्यासाठी माणसे झिजली. मोबाइलच्या खोक्यावर आजही आतल्या एआयची मुदत लिहिलेली नसते.

आपल्याकडून जे हवे आहे ते आपल्या अधिकारात आहे. कायद्याने जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हायला हव्यात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि तिथे मोबाइल विक्रेते, टेलिकॉम कंपन्यांचे जिल्हा प्रतिनिधी, अग्रणी बँकेचे व्यवस्थापक आणि कॉलेजचे विद्यार्थी यांना समोरासमोर बसवावे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखनी, मोहाडी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांच्या ठिकाणी फोन विकणाऱ्या दुकानांना सांगावे की फोनमधली कोणती एआय सुविधा कोणत्या तारखेपर्यंत मोफत आहे आणि नंतर तिचा दर काय, हे बिलावर मराठीत लिहून द्या. तारीख ठरलेली नसेल तर 'ठरलेली नाही' एवढे तरी लिहा. १ मे च्या ग्रामसभेत दहा मिनिटे काढून यूपीआयमधली ऑटोपेची यादी कशी बघायची आणि नको ती नोंद कशी रद्द करायची, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने किंवा आपले सरकार केंद्राच्या चालकाने पडद्यावर दाखवावे. गावातली शिकलेली मुले हे काम आनंदाने करतील.

तक्रारी आल्या तर कलम १६ खाली चौकशी करून अहवाल दिल्लीला पाठवावा. त्या अहवालात भंडारा जिल्ह्याच्या वतीने काही गोष्टी मांडाव्यात अशी विनंती आहे. फुकट मुदत संपल्यावर सेवा आपोआप पैशांची न होता बंद पडली पाहिजे, आणि ग्राहकाच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला त्याने नव्याने हो म्हटल्यावरच पैसे सुरू झाले पाहिजेत. मदतनीसाशिवायची योजना त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दिसली पाहिजे. आणि विकताना जी सुविधा फोनचा भाग म्हणून दाखवली ती त्या फोनच्या आयुष्यभर काढून घेता येणार नाही, असा नियम झाला पाहिजे.

कुणी म्हणेल, लोकांना नको असेल तर ते भरणार नाहीत, त्यात सरकारने कशाला पडायचे. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आले तेव्हापासून ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळे फुकट होते. त्यानंतर पैसे सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा फारसे कुणी इंटरनेट सोडले नाही, कारण तोवर सगळा व्यवहार त्यावर गेला होता. डेटा स्वस्त झाल्याने आपल्या जिल्ह्याचे भले झाले, हे मी मानतो. पण सवय लागून गेल्यावर होकार विचारला, तर माणूस नाही म्हणायला मोकळा नसतो. विचारायचे ते आत्ताच, सवय लागायच्या आधी.

या प्रश्नावर माझे मत असे. आत बसवून विकलेल्या मदतनीसासाठी ग्राहकाने वेगळी वर्गणी देऊ नये. स्वतः निवडलेल्या, उपयोग पटलेल्या, दर आणि तारीख माहीत असलेल्या सेवेसाठी जरूर द्यावी, आणि दिल्यावर पावती मागून जाबही विचारावा.

वाचकांनाही एक सांगणे आहे. आज घरी गेल्यावर आपल्या, आईवडिलांच्या आणि मुलांच्या फोनमधले यूपीआय ॲप उघडा आणि ऑटोपेची यादी एकदा बघा. अनोळखी किंवा आठवणीत नसलेली नोंद दिसली तर ती लगेच रद्द करा, तिचा स्क्रीनशॉट ठेवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि त्या तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणून द्या.

आपला,
साकोली तालुक्यातील एक धान उत्पादक ग्राहक